रेशमी वाद्यमेळ आणि विदीर्ण स्वर

न्यू यॉर्क शहराच्या मॅनहॅटन भागात, पूर्वेकडील तिसाव्या रस्त्यावर, २०७ क्रमांकाची एक उंच, जुनाट वास्तू होती. १८७५ साली ती प्रेस्बिटेरियन पंथाचे चर्च म्हणून उभी राहिली. कालांतराने उपासकांची संख्या रोडावली, वास्तूचे मालक बदलले, आणि १९४८-४९ च्या सुमारास कोलंबिया रेकॉर्ड्स या कंपनीने ती ध्वनिमुद्रणासाठी घेतली. छत सुमारे शंभर फूट उंच, जमीन लाकडी, भिंती जुन्या गिलाव्याच्या. कंपनीतील जाणत्या मंडळींनी आग्रह धरला की या वास्तूला रंगाचा हातसुद्धा लावू नये, जमीन घासूनपुसून चकचकीत करू नये. कारण गिलावा बदलला की नाद बदलतो. वादक मंडळी तिला नुसते ‘द चर्च’ म्हणत. जिथे एके काळी स्तोत्रे गाइली जात तिथे पुढची तीसएक वर्षे बाखपासून जॅझपर्यंत सारे काही ध्वनिफितीवर उतरले. ग्लेन गूल्डने १९५५ साली बाखच्या गोल्डबर्ग स्वरावली इथेच वाजवल्या आणि माइल्स डेव्हिसची ‘काइंड ऑफ ब्लू’ ही प्रख्यात तबकडी १९५९ साली इथेच तयार झाली.

या वास्तूत फेब्रुवारी १९५८ मध्ये, तीन सत्रांत, एका बेचाळीस वर्षांच्या गायिकेने बारा गीते गायली. बेचाळीस हे काही म्हातारपणाचे वय नव्हे. परंतु त्या ध्वनिमुद्रणातला आवाज ऐकणाऱ्याला तिचे वय सांगितले तर तो विश्वास ठेवणार नाही. गायिकेचे नाव बिली हॉलिडे, आणि तबकडीचे नाव ‘लेडी इन सॅटिन’. आज ही तबकडी जाड विनाइलवर, मूळ ध्वनिफितीवरून पुन्हा कोरून, महागड्या पुठ्ठ्याच्या वेष्टनात विकली जाते. ध्वनीच्या शुद्धतेचे वेड असलेले रसिक ती जपून हाताळतात, सुई टेकवतात आणि एका भग्न आवाजातली प्रत्येक चीर ऐकतात. या साऱ्या प्रकाराचा इतिहास मोठा विलक्षण आहे, आणि तो आपल्या ख्रिस्तसभेच्या अंगणातून दोन-तीनदा जातो, हेही पुष्कळांना ठाऊक नसते.

या तबकडीतील गीतांना इंग्रजीत ‘टॉर्च साँग’ म्हणतात. प्रियकर निघून गेला आहे, प्रेमाला प्रतिसाद नाही, तरी जिच्या हातातली मशाल विझत नाही अशा स्त्रीचे हे गीत. मराठीत विरहिणी हा शब्द आहे. पण विरहिणीला भेटीची आशा असते, आणि संतांच्या विरहिणीला तर ती भेट निश्चितच ठाऊक असते. टॉर्च साँगमधल्या स्त्रीला परतीची आशा नसते. तिला फक्त मशाल टाकून देता येत नाही. १९२० च्या दशकात फॅनी ब्राइस, रूथ एटिंग, हेलन मॉर्गन अशा गायिकांनी हा प्रकार अमेरिकन रंगभूमीवर रूढ केला. त्या काळी ही गीते काहीशी नाटकी, हुंदके देऊन गाइली जात. बिलीने हुंदका काढून टाकला. ती ओळ तालाच्या किंचित मागे ठेवीत असे, जणू शब्द उच्चारावा की नाही याचा ती अजून विचार करते आहे. आणि मग तो शब्द साध्या बोलण्यासारखा ठेवून देत असे.

तिचे खरे नाव एलिनोरा फॅगन. ७ एप्रिल १९१५ रोजी फिलाडेल्फिया शहरात तिचा जन्म झाला आणि बालपण बाल्टिमोरमध्ये गेले. आई सेडी अविवाहित व तरुण, घराबाहेर राबणारी. वडील क्लॅरेन्स हॉलिडे गिटारवादक, आणि संसाराशी त्यांचा संबंध नाममात्र. मुलगी शाळा चुकवते म्हणून प्रकरण बाल न्यायालयात गेले आणि जानेवारी १९२५ मध्ये, नऊ वर्षांची असताना, तिची रवानगी ‘हाउस ऑफ द गुड शेफर्ड’ या कृष्णवर्णीय मुलींसाठी असलेल्या कॅथोलिक सुधारगृहात झाली. संत मेरी युफ्रेजिया पेलतिये यांनी फ्रान्समधील आँझे येथे स्थापन केलेल्या ‘उत्तम मेंढपाळ’ संघाच्या धर्मभगिनी तेथील कारभार पाहत. तिथे मुलींची खरी नावे झाकून त्यांना टोपणनावे दिली जात. एलिनोराचे नाव पडले मॅज. त्याच वर्षी १९ मार्चला, म्हणजे संत जोसेफच्या सणाच्या दिवशी, सुधारगृहात तिचा स्नानसंस्कार झाला. ऑक्टोबरात ती आईकडे परतली. पुढच्याच वर्षी, १९२६ च्या नाताळच्या आदल्या दिवशी, एका शेजाऱ्याने या अकरा वर्षांच्या मुलीवर बलात्काराचा प्रयत्न केला. खटल्यातील साक्षीदार म्हणून सुरक्षिततेसाठी पुन्हा त्याच सुधारगृहात तिला ठेवण्यात आले. अपराध करणारा कोणी आणि कुलूप कोणाच्या दाराला, असा प्रश्न इथे पडल्यावाचून राहत नाही.

१९५६ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या आत्मकथेत या सुधारगृहाच्या कडक शिक्षांविषयी कटू तक्रारी आहेत. ती आत्मकथा पत्रकार विल्यम डफ्टी याच्या मदतीने लिहिली गेली आणि तिच्यातील अनेक तपशील चरित्रकारांना कागदपत्रांशी जुळवता आलेले नाहीत. म्हणून तक्रारी खोट्याच असे म्हणून आपण मोकळे होऊ नये. त्या काळच्या सुधारगृहांत, मग ती सरकारी असोत की धर्मसंघांची, शिस्तीच्या नावाखाली मुलांना काय काय सोसावे लागले हे आता जगभरच्या अहवालांतून उघड झाले आहे. तरीही एक गोष्ट खरी की बिलीने आयुष्यभर स्वतःला कॅथोलिकच मानले.

न्यू यॉर्कच्या हार्लेम भागातील लहानमोठ्या क्लबांमध्ये गात असताना जॉन हॅमंड या तरुण संगीतप्रेमीने तिला ऐकले आणि नोव्हेंबर १९३३ मध्ये, अठराव्या वर्षी, बेनी गुडमनच्या वाद्यवृंदाबरोबर तिचे पहिले ध्वनिमुद्रण झाले. १९३५ पासून पियानोवादक टेडी विल्सनबरोबर तिने जी छोटी गीते गायली त्यांना तोड नाही. सॅक्सोफोनवादक लेस्टर यंग तिच्या स्वरामागे असा वाजवी की दोन माणसे एकच वाक्य वाटून बोलत आहेत असा भास व्हावा. ‘लेडी डे’ हे तिचे लाडके नाव त्यानेच दिले. या ध्वनिमुद्रणांचा तिला एकरकमी, ठरावीक मोबदला मिळे. तबकड्या कितीही खपल्या तरी पुढे एक सेंटही नाही.

इथे थोडे विषयांतर करतो, कारण या काळाचा आपल्या देशाशी प्रत्यक्ष संबंध आहे. त्या वेळच्या मिनिटाला ७८ फेरे फिरणाऱ्या तबकड्या विनाइलच्या नव्हत्या. दगडाची भुकटी, काजळी आणि लाख यांच्या मिश्रणातून त्या दाबून काढीत. जगाला लागणाऱ्या लाखेचा मोठा भाग हिंदुस्थानातून जात असे, आणि त्यातही छोटा नागपूरच्या रानांतून. पळस, कुसुम आणि बोरीच्या फांद्यांवर लाखेचे किडे जो राळेसारखा पदार्थ स्रवतात तो मुंडा आणि उराँव आदिवासी खरवडून गोळा करीत. फादर कॉन्स्टंट लिव्हन्स या येशूसंघीय धर्मगुरूंनी १८८५ नंतर ज्या आदिवासींच्या जमिनीचे खटले लढवले आणि ज्यांच्यात ख्रिस्तसभेचे बीज पेरले, तेच हे लोक. महायुद्धात लाखेची आयात अडचणीत आली तेव्हा एप्रिल १९४२ मध्ये अमेरिकन सरकारने तबकड्यांसाठी लाख वापरण्यावर कडक निर्बंध घातले. रांचीच्या रानातली लाख हार्लेमच्या स्वराला शरीर देत होती, याची जाणीव ना इथल्या गोळा करणाऱ्यांना होती, ना तिथल्या ऐकणाऱ्यांना. असो.

१९३९ साली ‘स्ट्रेंज फ्रूट’ हे कृष्णवर्णीयांच्या झुंडहत्यांविरुद्धचे गीत तिने गायले. तिची नेहमीची कंपनी ते छापायला धजली नाही, म्हणून ते कमोडोर या छोट्या कंपनीने काढले. १९४४ मध्ये डेका कंपनीकडे गेल्यावर तिने एक हट्ट धरला, तो म्हणजे व्हायोलिनांचा. जॅझ गायिकेच्या मागे व्हायोलिने कशाला, असे तेव्हाचे मत. पण निर्माता मिल्ट गॅब्लरने तो हट्ट पुरवला. ही गोष्ट लक्षात ठेवायला हवी, कारण ‘लेडी इन सॅटिन’वर पुढे जी टीका झाली तिचा सूर असा की, भोळ्या गायिकेवर कंपनीने गोड, पाकातले व्हायोलिनवादन लादले. लादले कोणीही नव्हते. तिलाच ते हवे होते, आणि चौदा वर्षांपासून हवे होते.

दरम्यान हेरॉइनच्या व्यसनाने तिला ग्रासले. तिच्याशी विवाह केलेल्या किंवा तिच्याबरोबर राहिलेल्या पुरुषांपैकी कित्येकांनी तिचा पैसा खाल्ला, काहींनी मारहाणही केली. १९४७ साली अमली पदार्थ बाळगल्याच्या आरोपावरून तिला एक वर्ष आणि एक दिवसाची शिक्षा झाली. ती वेस्ट व्हर्जिनियातील ऑल्डरसनच्या तुरुंगातून मार्च १९४८ मध्ये सुटली आणि त्याच महिन्याच्या २७ तारखेला कार्नेगी हॉलमध्ये गायली. सभागृह तुडुंब भरले. पण न्यू यॉर्कच्या क्लबांत गाण्यासाठी पोलिसांकडून जो परवाना लागे तो शिक्षा झालेल्यांना मिळत नसे. म्हणजे तीन हजार श्रोत्यांसमोर कार्नेगी हॉलमध्ये गायला मुभा, पण जिथे मद्य मिळते अशा पन्नास टेबलांच्या क्लबात गायला बंदी. ज्या गायनावर तिचे पोट चालत होते तेच तिच्या शहरात तिला नाकारले गेले. ही परवाना पद्धत न्यू यॉर्कने १९६७ साली रद्द केली, तेव्हा तिच्या मृत्यूला आठ वर्षे लोटली होती.

१९५७ च्या अखेरीस कोलंबियाकडे ती परत आली. रे एलिस नावाच्या तरुण संगीत संयोजकाची ‘एलिस इन वंडरलँड’ ही तबकडी तिने ऐकली होती, आणि मला हाच माणूस हवा, असे तिने सांगितले. सुमारे चाळीस वादक ठरले: व्हायोलिने, सेलो, हार्प, मंद गुणगुणणारा स्त्रीस्वरांचा वृंद, आणि जॅझच्या बाजूने पियानोवर मॅल वॉल्ड्रन, बासवर मिल्ट हिंटन, ड्रमवर ओसी जॉन्सन, ट्रॉम्बोनवर जे. जे. जॉन्सन व अर्बी ग्रीन. निर्माता अर्व्हिंग टाउनसेंड, ध्वनिमुद्रक फ्रेड प्लाउट. गीते नवी नव्हती. बहुतेक सारी रंगभूमी व चित्रपटांतील गाजलेली प्रेमभंगाची गीते. तिने ती प्रामुख्याने शब्दांसाठी निवडली.

सत्र सुरू झाले तेव्हा काही गीतांचे स्वर तिला नीट येत नव्हते आणि ती मद्याच्या आधाराने उभी होती. आवाजाचा पल्ला आक्रसून जेमतेम एका सप्तकाचा उरला होता. दीर्घ स्वर धरला की तो थरथरे, मध्येच चिरके. ओळीच्या शेवटी श्वास संपल्याचे स्पष्ट ऐकू येई. एलिस हा शिकलेला, काटेकोर संगीतकार. तो नाराज झाला. काम संपल्यावर सगळी मुद्रणे ऐकूनही त्याला ती पसंत पडली नाहीत. पुढे त्याने प्रांजळपणे कबूल केले की आपण तेव्हा केवळ स्वर ऐकत होतो; काही आठवड्यांनी अंतिम मिश्रण ऐकले तेव्हा या बाईने काय केले आहे ते आपल्याला उमगले. पहिले गीत, ‘आय अ‍ॅम अ फूल टू वाँट यू’, परत वाजवून ऐकवले तेव्हा तिच्या डोळ्यांत अश्रू होते, अशीही आठवण त्याने नोंदवली आहे.

एका वाद्यमेळाच्या संयोजकाचे काम काय असते हे आपल्याकडे निराळे सांगायला नको. गोव्यातील धर्मग्रामांच्या शाळांत व्हायोलिन व सोल्फा शिकून मुंबईला आलेल्या सेबास्टियन डिसूझा, अँथनी गोन्साल्विस अशा संगीतकारांनी हिंदी चित्रपटगीतांना जो व्हायोलिनांचा भरजरी पदर दिला, तो ऐकत आपल्या दोन पिढ्या वाढल्या. चांगला संयोजक गायकाच्या उणिवेवर पांघरूण घालतो. एलिसच्या वाद्यमेळाने नेमके उलटे केले. व्हायोलिने इतकी गुळगुळीत, इतकी निर्दोष वाजतात की त्यांच्यासमोर हा खरबरीत आवाज अधिकच उघडा पडतो. हे त्याने योजून केले असे मला वाटत नाही. साधी, छोटी जॅझ मंडळी मागे असती तर तिचा आवाज त्यांच्यात मिसळून गेला असता; इथे तो मिसळत नाही. कित्येक जाणकारांना व्हायोलिनांचा हा गोडवा आजही सोसवत नाही. मला तो या तबकडीचा कणा वाटतो.

जून १९५८ मध्ये तबकडी निघाली तेव्हापासून मतभेद सुरू झाले ते आजपावेतो. एका बाजूचे म्हणणे असे की ज्या गायिकेने १९३७ साली चिमणीच्या हलकेपणाने गीते उडवली तिचे हे अवशेष बाजारात मांडणे क्रौर्य आहे. दुसऱ्या बाजूला माइल्स डेव्हिससारखा माणूस. तिच्या तरुण गायनापेक्षा आताचे परिपक्व गायन मला अधिक आवडते, अशा आशयाचे मत त्याने त्याच वर्षी दिले. मी स्वतः दुसऱ्या बाजूचा. मात्र सगळीच गीते सारख्या मोलाची आहेत असे नव्हे. दोन-तीन ठिकाणी स्त्रीवृंद अक्षरशः नकोसा होतो, आणि ‘इट्स ईझी टू रिमेंबर’ मला दरवेळी थोडे लांबल्यासारखे वाटते. पण ‘यूव्ह चेंज्ड’ सुरू झाले की वाद घालण्याची इच्छाच उरत नाही. तिथे ती प्रियकरावर आरोप करीत नाही. घरातला दिवा गेला आहे हे सांगावे तितक्या शांतपणे ती त्याचे बदलणे सांगते.

आता पुनर्मुद्रणाकडे वळू. १९५८ हे वर्ष तबकडीच्या इतिहासात संधिकालाचे. दहा वर्षांपूर्वी, जून १९४८ मध्ये, याच कोलंबिया कंपनीने मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांची विनाइलची लाँग प्ले तबकडी आणली होती; आणि आता एका खाचेत डावा व उजवा असे दोन ध्वनी कोरणारी स्टिरिओ तबकडी बाजारात येत होती. म्हणून त्या काळी एकाच गायनाची मोनो व स्टिरिओ अशी दोन वेगळी मुद्रणे करीत. घराघरांत मोनोच वाजत असल्याने निर्मात्यांचे सारे लक्ष मोनोकडे. स्टिरिओ आवृत्ती नवलाईची, थोड्यांसाठी. काळाने हा क्रम उलटवला. आज ज्यांच्याकडे किमती यंत्रसामग्री आहे ते रसिक स्टिरिओच मागतात, कारण तीत त्या जुन्या चर्चची खोली ऐकू येते. हार्प डावीकडे दूर, व्हायोलिनांचा पडदा मागे, आणि मध्ये, हात लांब केला तर लागेल इतक्या जवळ, ती. प्रतिध्वनी हवा असेल तेव्हा ध्वनिमुद्रक गायिकेचा स्वर वास्तूच्या तळघरातील एका रिकाम्या काँक्रीटच्या खोलीत वाजवून पुन्हा पकडीत. हेदेखील लक्ष देऊन ऐकले तर जाणवते.

मूळ ध्वनिफितीवरून अशी तबकडी नव्याने करणे हे सोनाराचे काम आहे. फीत वाजत असते आणि तिच्या ध्वनीनुसार थरथरणारी तापलेली हिऱ्याची किंवा माणकाची सुई, अ‍ॅल्युमिनियमच्या चकतीवर दिलेल्या लॅकरच्या मऊ थरात, एकच सलग सर्पिल खाच कोरीत जाते. चुकले तर पुसता येत नाही. नवी चकती घ्यायची. त्या चकतीवर चांदीचा सूक्ष्म लेप देऊन निकेलचा थर चढवतात, तो सोलून साचा मिळतो, साच्याचा साचा होतो, आणि अखेरीस त्या ठशांत विनाइल दाबले जाते. जुन्या मालिकांच्या पुनर्मुद्रणासाठी नावाजलेल्या क्लासिक रेकॉर्ड्स या अमेरिकन कंपनीने कोलंबियाच्या संग्रहातून ज्या तबकड्या पुन्हा काढल्या त्यांत ‘लेडी इन सॅटिन’ होती, आणि कोरण्याचे काम बर्नी ग्रंडमनसारख्या निष्णात माणसाचे. अशा तबकड्या १८० ग्रॅम किंवा त्याहून जड असतात. वजनाने ध्वनी सुधारतो ही मात्र बव्हंशी विक्रेत्यांनी पसरवलेली समजूत. जड तबकडी कमी वाकते इतकेच. खरे मोल फितीचे आणि कोरणाऱ्याच्या कानाचे.

या काटेकोरपणातून कधी खरा इतिहास हाती लागतो. त्याच चर्चमध्ये २ मार्च १९५९ रोजी मुद्रित झालेल्या ‘काइंड ऑफ ब्लू’च्या पहिल्या बाजूचा सूर मूळ तबकडीवर किंचित चढा होता, कारण त्या दिवशी मुख्य यंत्र अंमळ हळू फिरत होते. तेहतीस वर्षे लाखो लोकांनी, आणि त्याबरोबर वाजवून शिकणाऱ्या असंख्य वादकांनी, ती चूक प्रमाण मानली. १९९२ साली पर्यायी यंत्रावरची फीत काढून ती दुरुस्त झाली. कधी मात्र काटेकोरपणाचा फुगाही फुटतो. २०२२ साली असे उघडकीस आले की, केवळ मूळ फितीवरून कोरतो अशी ज्या एका नामांकित कंपनीविषयी रसिकांची श्रद्धा होती, ती कंपनी मध्ये संगणकीय पायरी वापरत होती, आणि शंभर-सव्वाशे डॉलर मोजणाऱ्या सूक्ष्म कानांपैकी कोणालाही वर्षानुवर्षे ते ओळखता आले नव्हते. न्यायालयात दावे गेले. हसू येते खरे, पण त्या बिचाऱ्यांचे ऐकणे खोटे होते असे मी म्हणणार नाही.

ही कला टिकेल की नाही ही चिंता मात्र खरी आहे. लॅकरच्या चकत्या बनवणारे जगात दोनच कारखाने उरले होते. त्यांतला कॅलिफोर्नियातील बॅनिंगचा कारखाना ६ फेब्रुवारी २०२० रोजी आगीत भस्मसात झाला. उरला जपानमधला एक. आणि २००८ साली हॉलिवूडमधील युनिव्हर्सलच्या आवारात लागलेल्या आगीत मूळ ध्वनिफितींचा मोठा साठा जळाला. गंमत अशी की हे सारे चालू असताना मागणी वाढतेच आहे: २०२२ साली अमेरिकेत ४ कोटी १० लाख विनाइल तबकड्या खपल्या आणि सीडी खपल्या ३ कोटी ३० लाख. १९८७ नंतर असे प्रथमच घडले.

इथे एक प्रश्न मला छळतो. ध्वनी जितका शुद्ध तितकी जखम जवळ येते. साध्या रेडिओवर ज्या ओळीत केवळ थकवा जाणवे, तीत आता तिच्या जिभेचा कोरडेपणा ऐकू येतो, श्वास अडकलेला ऐकू येतो. आरामखुर्चीत बसून, मऊ प्रकाशात, दुसऱ्याच्या यातनेचा हा सूक्ष्म आस्वाद घेणे कितपत योग्य? माझ्यापुरते उत्तर असे: ती गायला स्वतःच्या इच्छेने आली होती, गीते तिने निवडली होती, संयोजक तिने मागितला होता. आपला आवाज कसा झाला आहे हे तिच्याइतके कोणाला ठाऊक होते? तिने जे जगापुढे ठेवले ते ऐकणे हा तिचा मान राखणे होय. पण १९९७ ची सीडी आणि २०१५ ची शताब्दी आवृत्ती यांतून जे टाकलेले तुकडे, अर्धवट प्रयत्न व तालमीतले बोलणे बाहेर आले, त्याविषयी माझे मन साशंक आहे. अभ्यासकांना त्याचा उपयोग आहे, नाही असे नाही. तरी कपाटात ठेवलेले कपाटात राहू देण्यातही एक सभ्यता असते.

मार्च १९५९ मध्ये तिने एलिसबरोबर आणखी एक तबकडी केली, ती शेवटची. त्याच महिन्यात लेस्टर यंग वारला. अवघ्या पंधरा महिन्यांपूर्वी, ८ डिसेंबर १९५७ रोजी, दूरचित्रवाणीच्या एका कार्यक्रमात दोघे शेवटचे एकत्र दिसले होते. तो वाजवत असताना तिच्या चेहऱ्यावर जे उमटते ते चित्रफितीत आजही पाहता येते. मेच्या अखेरीस तिला यकृत व हृदयाच्या विकाराने न्यू यॉर्कच्या मेट्रोपॉलिटन रुग्णालयात दाखल केले. तिथे, रुग्णशय्येवरच, अमली पदार्थ बाळगल्याच्या आरोपावरून तिला अटक करण्यात आली आणि खोलीच्या दाराशी पोलिसांचा पहारा बसला. १५ जुलैला धर्मगुरूंनी तिला अंत्यसंस्कार दिले. १७ जुलै १९५९ च्या पहाटे तिने प्राण सोडला. वय चव्वेचाळीस. बँकेतील शिल्लक सत्तर सेंट, आणि अंगाशी बांधलेल्या साडेसातशे डॉलरच्या नोटा. मृत्युपत्र नव्हते, म्हणून पुढे तिच्या गीतांवर जे उत्पन्न झाले त्याचा वारसा दुरावलेला पती लुई मॅके याच्याकडे गेला.

२१ जुलैला मॅनहॅटनमधील संत पॉल द अपॉसल या पॉलिस्ट धर्मगुरूंच्या चर्चमध्ये तिच्यासाठी लॅटिन भाषेत मृतांची मिस्सा झाली. मंदिर भरून लोक रस्त्यावर उभे होते. ज्या शहराने बारा वर्षे तिला क्लबात गाऊ दिले नाही, त्याच्या एका मोठ्या ख्रिस्तमंदिरात तिची शवपेटी वेदीसमोर होती. ब्राँक्समधील सेंट रेमंड्स या कॅथोलिक दफनभूमीत तिला मूठमाती देण्यात आली.

तिसाव्या रस्त्यावरचा स्टुडिओ १९८१ साली बंद झाला, पुढे ती वास्तू पाडली गेली आणि तिथे राहत्या घरांची इमारत आली. त्या छताखालचा नाद आता फितींवर तेवढा आहे.

ही तबकडी कोणी घेणार असेल तर एक व्यावहारिक सूचना करून थांबतो. बारावे गीत, ‘दि एंड ऑफ अ लव्ह अफेअर’, बिलीला ठाऊक नव्हते. वादक खोळंबले होते, वेळ संपत होता. म्हणून वाद्यमेळ आधी मुद्रित करून घेतला, आणि नंतर कानाला श्रवणयंत्र लावून, वादकांविना, तिने त्यावर आपला स्वर चढवला. हा स्वर फक्त मोनोच्या फितीवर चढला. स्टिरिओच्या फितीवर व्हायोलिने होती, ती नव्हती. त्यामुळे १९५८ च्या स्टिरिओ तबकडीत अकराच गीते आली, आणि त्या आवृत्तीचे निष्ठेने केलेले पुनर्मुद्रण अकराव्या गीतापाशी, ‘आय विल बी अराउंड’पाशी, थांबते. १९९७ मध्ये तंत्रज्ञांनी मोनोवरचा तिचा स्वर उचलून स्टिरिओच्या वाद्यमेळाशी जुळवला तेव्हा कुठे ते गीत त्या रूपात पुरे झाले. तरी तबकडी घेताना मागचे पान उलटून दुसऱ्या बाजूची गीते मोजावीत: पाच असतील तर स्टिरिओ, सहा असतील तर मोनो किंवा नंतरची जोडलेली आवृत्ती.